मधुमेहाची गोळी आणि रक्तांतील आम्ल

परभणी जिल्ह्यांत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट दुधांत चमचाभर विरजण घालून भांडें झांकून ठेवण्याची जुनी रीत आहे. सकाळीं दहीं लागलेलें असतें. दुधांतील साखरेचें सूक्ष्म जंतूंनीं आम्ल केलेलें असतें आणि त्या आम्लामुळेंच दूध थिजतें व आंबट होतें. कार्ल शीले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञानें 1780 सालीं आंबलेल्या दुधांतून हें आम्ल प्रथम वेगळें काढलें. दुधावरूनच त्याला लॅक्टिक अॅसिड हें नांव पडलें. मराठींत त्यास दुग्धाम्ल म्हणतात. पुढें 19 व्या शतकाच्या आरंभीं बर्झेलियस या दुसऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञास तेंच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंत सांपडलें. दह्याच्या भांड्यांत जें तयार होतें, तें देहांतहि तयार होतें, ही गोष्ट अशा रीतीनें उघड झाली. या निरुपद्रवी दिसणाऱ्या आम्लाची आणि मधुमेहावरील औषधांची गेल्या शंभर वर्षांत जी गांठ पडली, तिचा इतिहास ज्या घरांत मधुमेहाची गोळी रोज घेतली जाते, त्या प्रत्येक घरानें जाणून घेण्यासारखा आहे.

निरोगी माणसाच्या शरीरांत दिवसाकाठीं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास दुग्धाम्ल उत्पन्न होतें. स्नायू, त्वचा, मेंदू आणि रक्तांतील तांबड्या पेशी साखर वापरतात, तेव्हां तें निर्माण होतें. तें सांचत मात्र नाहीं. रक्ताबरोबर तें यकृताकडे जातें आणि यकृत त्याची पुन्हां साखर करतें. उरलेल्याचा पुष्कळसा भाग मूत्रपिंडें संपवितात. स्नायूंतील या घडामोडींचा छडा लावल्याबद्दल ओटो मायरहोफ व आर्चिबाल्ड हिल यांना 1922 सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. स्नायूंतून यकृताकडे आणि यकृताकडून पुन्हां स्नायूंकडे चालणारें हें रहाटगाडगें कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यानें 1929 च्या सुमारास स्पष्ट केलें. त्यांनाहि 1947 सालीं तो मान लाभला. रहाटगाडगें फिरतें आहे तोंवर रक्तांतील दुग्धाम्ल लिटरमागें एक-दोन मिलिमोलपलीकडे जात नाहीं. परंतु यकृतानें काम थांबविलें, किंवा प्राणवायूच्या अभावीं पेशींनीं आम्लाचें उत्पादन बेसुमार वाढविलें, तर तें सांचूं लागतें आणि रक्ताचा तोल ढळतो. या अवस्थेस लॅक्टिक अॅसिडोसिस म्हणतात. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दहीं किंवा ताक घेतल्यानें ही अवस्था येत नाहीं. दोष अन्नांतील आम्लाचा नाहीं, तें निकालांत काढणाऱ्या इंद्रियांच्या थकण्याचा आहे.

मधुमेहाची ओळख भारताला फार जुनी आहे. गोड मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें आपल्या प्राचीन वैद्यांनीं टिपून ठेविलें होतें आणि मधुमेह हें नांवहि त्यांचेंच आहे. परंतु खात्रीचा उपाय मिळावयास 20 वें शतक उजाडावें लागलें. 11 जानेवारी 1922 रोजीं कॅनडांतील टोरोंटो येथें लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनची पहिली सुई टोंचण्यांत आली. त्या वेळीं परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील एक जिल्हा होता. गोदावरीच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या लोहमार्गानें मोठ्या रुग्णालयासाठीं हैदराबाद गांठणें हाच तेथील रोग्यांस मोठा आधार होता. इन्शुलिन थंड जागीं जपावें लागतें आणि तें सुईनेंच द्यावें लागतें. ज्या प्रदेशांत वैशाखांत पारा 45 अंशांच्या आसपास चढतो आणि बर्फ ही शहरापुरती वस्तु असते, तेथें असें औषध खेड्यापर्यंत कसें पोंचावें? तोंडानें घेतां येईल अशा गोळीची निकड अशा प्रदेशांना जितकी होती, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास असेल.

त्या गोळीचें मूळ एका रानटी वनस्पतींत आहे. युरोपांत गॅलेगा नांवाचें एक झुडूप उगवतें. जुन्या काळीं तें तापावर आणि प्लेगवर देत असत. जनावरांनीं मात्र तें फार खाल्लें तर त्यांना विषबाधा होई. या वनस्पतींत ग्वानिडीन या द्रव्याच्या कुळांतील पदार्थ असतात. 1918 सालीं वातानाबे या जपानी संशोधकानें ग्वानिडीन दिल्यास सशांच्या रक्तांतील साखर उतरते, असें दाखविलें. त्या धाग्यावरून जर्मनींत 1926 सालीं सिंथालिन नांवाचें औषध निघालें. सुईची गरज नाहीं म्हणून त्याचा मोठा बोलबाला झाला. परंतु यकृत व मूत्रपिंडें यांना तें अपाय करतें असें दिसून आल्यावर त्याचा वापर मागें पडला. औषधांच्या या कुळाचा हा पहिला इशारा होता. दरम्यान 1922 सालींच आयर्लंडांत डब्लिन येथें वर्नर व बेल या दोघांनीं ग्वानिडीनचे दोन रेणू जोडून होणारा एक पदार्थ बनविला होता. आज ज्यास मेटफॉर्मिन म्हणतात तोच हा पदार्थ. मात्र इन्शुलिनच्या जयघोषांत त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं आणि पुढें तो पाव शतक विस्मृतींत पडून राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर फिलिपाइन्समधील युसेबियो गार्सिया या वैद्यानें हाच पदार्थ इन्फ्लुएन्झावर वापरून पाहिला आणि रोग्यांच्या रक्तांतील साखर त्यानें उतरते, अशी नोंद केली. ती नोंद पॅरिसमधील डॉक्टर ज्यां स्टर्न यांच्या वाचनांत आली. त्यांनीं मधुमेही रोग्यांवर प्रयोग करून 1957 सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ‘ग्लुकोफाज’, म्हणजे साखर खाणारें, असें नांव या औषधास दिलें. त्याच 1957 सालीं अमेरिकेंत उंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच कुळांतील फेनफॉर्मिन हें औषध पुढें आणलें. दोन्ही औषधें एकाच घराण्यांतलीं. दोघांचें कुलनाम बायग्वानाइड. साखर उतरविण्यांत फेनफॉर्मिनचा जोर अधिक होता, मात्राहि लहान लागे. जोर अधिक तें औषध चांगलें, हा समज वैद्यांत व रोग्यांत सारखाच दृढ असतो. त्यामुळें 1960 नंतरच्या दशकांत फेनफॉर्मिनचाच बोलबाला सर्वत्र झाला आणि मेटफॉर्मिन फ्रान्स, ब्रिटन आणि कांहीं थोड्या देशांपुरतें राहिलें.

इशारा मात्र आरंभींच मिळाला होता. फेनफॉर्मिन घेणाऱ्या कांहीं रोग्यांच्या रक्तांत आम्ल वाढतें, हें ब्रिटनमधील डॉक्टरांनीं 1959 सालींच प्रसिद्ध केलें. 1961 सालीं अमेरिकेंतील विल्यम हकबी यांनीं लॅक्टिक अॅसिडोसिस ही स्वतंत्र अवस्था म्हणून नीट वर्णिली. रोग्यास प्रथम मळमळ होते, उलट्या होतात, पोट दुखतें, अंग गळून जातें. मग श्वास खोल आणि जलद चालूं लागतो, कारण आम्ल वाढलें म्हणजे शरीर श्वासावाटे त्याची भरपाई करूं पाहतें. पुढें रक्तदाब उतरतो, ग्लानि येते, आणि उपाय वेळेवर न झाल्यास मृत्यु ओढवतो. फेनफॉर्मिनमुळें ज्यांना ही अवस्था आली, त्यांपैकीं सुमारें निम्मे रोगी दगावले.

असें कां व्हावें, याचा उलगडा हळूहळू झाला. पेशींच्या आंत मायटोकॉन्ड्रिया नांवाचे सूक्ष्म कारखाने असतात. प्राणवायूच्या साह्यानें साखर व आम्ल जाळून शक्ति निर्माण करणें हें त्यांचें काम. बायग्वानाइड औषधें या कारखान्यांचा वेग मंद करतात. त्यामुळें यकृत दुग्धाम्लाची साखर करीनासें होतें. रक्तांतील साखर उतरते ती अंशतः याच कारणानें. म्हणजे ज्या क्रियेनें औषध गुण देतें, तीच क्रिया मर्यादेबाहेर गेली म्हणजे घात करते. फेनफॉर्मिनच्या बाबतींत आणखी एक अडचण होती. या औषधाचा निचरा होण्यापूर्वीं यकृताला त्याचें रूपांतर करावें लागतें आणि कांहीं माणसांत तें रूपांतर करण्याची शक्ति जन्मतःच दुबळी असते. अशा माणसांच्या देहांत नेहमींच्या मात्रेनेंहि औषध सांचत जाई. वैद्याला हें आधीं कळण्यास मार्ग नव्हता आणि रोग्याला तर मुळींच नव्हता.

अमेरिकेंत मधुमेहाच्या औषधांची तुलना करणारा एक मोठा प्रयोग 1961 सालीं सुरू झाला होता. फेनफॉर्मिन घेणाऱ्या गटांत हृदयविकाराचे मृत्यु अधिक दिसल्यानें 1971 सालीं त्या प्रयोगांतून हें औषध काढून टाकण्यांत आलें. आम्लविकाराचे वृत्तांत तर वाढतच होते. 1977 च्या एप्रिलमध्यें ग्राहकांच्या बाजूनें लढणाऱ्या एका संस्थेनें बंदीसाठीं सरकारकडे अर्ज केला. त्या वेळीं तीन लाखांहून अधिक अमेरिकन हें औषध घेत होते. जुलै महिन्यांत आरोग्यखात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनीं फेनफॉर्मिन हा जनतेस तात्काळ धोका आहे असें जाहीर करून त्याची सामान्य विक्री थांबविण्याचा हुकूम काढला. औषधाविरुद्ध हा खास अधिकार वापरला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. युरोपांतील अनेक देशांनींहि त्याच सुमारास हें औषध मागें घेतलें.

या प्रकरणाचे चटके धाकट्या भावासहि बसले. फेनफॉर्मिनच्या कुळांतलें म्हणून मेटफॉर्मिनकडेहि संशयानें पाहिलें जाऊं लागलें आणि अमेरिकेनें त्याला डिसेंबर 1994 पर्यंत परवानगी दिली नाहीं. परंतु दोहोंच्या स्वभावांत मोठा भेद आहे. मेटफॉर्मिनचें यकृतांत रूपांतर होत नाहीं. तें जसेंच्या तसें मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. म्हणून मूत्रपिंडें शाबूत आहेत तोंवर तें सहसा सांचत नाहीं. एक लाख रोग्यांनीं एक वर्ष औषध घेतलें तर फेनफॉर्मिनमुळें 40 ते 64 जणांस आम्लविकार होई. मेटफॉर्मिनच्या बाबतींत हा आंकडा 10 च्या खालींच सांगतात. ब्रिटनमधील एका दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष 1998 सालीं प्रसिद्ध झाले. स्थूल मधुमेहींमध्यें मेटफॉर्मिननें मृत्यूचें प्रमाण घटतें, असें त्यांत दिसून आलें. 2010 सालीं 347 अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या सत्तर हजारांहून अधिक रुग्णवर्षांत आम्लविकाराचा एकहि दाखला त्यांत आढळला नाहीं. मात्र प्रयोगांतील रोग्यांवर वैद्यांची सतत नजर असते, हें विसरून चालणार नाहीं. रुग्णालयांत आजहि असे रोगी अधूनमधून दाखल होतात. त्यांची कहाणी बहुधा एकच असते: मूत्रपिंडें आधींच दुबळीं झालेलीं, किंवा एखाद्या दुसऱ्या आजारानें तीं एकाएकीं थकलेलीं, आणि गोळी मात्र नेमानें चालू राहिलेली.

आतां भारताकडे वळूं. औषधांसंबंधींचा मूळ कायदा 1940 सालचा. परंतु जनहितासाठीं एखाद्या औषधाची निर्मिति व विक्री बंद करण्याचा स्पष्ट अधिकार केंद्र सरकारला 1982 च्या दुरुस्तीनें, कलम 26-अ अन्वयें, मिळाला. त्या कलमाखालीं फेनफॉर्मिनवर बंदी घालणारी अधिसूचना 1 ऑक्टोबर 2003 रोजीं निघाली. अमेरिकेच्या हुकुमानंतर मध्यें सव्वीस वर्षें गेलीं. इतकी वर्षें हें औषध भारतांत कायदेशीर रीतीनें विकलें जात होतें. भारत याबाबतींत एकटा नव्हता, इतर कांहीं देशांतहि तें टिकून होतें. परंतु त्यानें प्रश्न सुटत नाहीं. या सव्वीस वर्षांत किती भारतीय या विकारानें गेले, हें आतां कोण मोजणार? धोका दुर्मिळ असला म्हणजे तो दिसण्यासाठीं मोजणी लागते. रक्तांतील दुग्धाम्ल मोजण्याची सोय मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांबाहेर नव्हती. तालुक्याच्या गांवीं एखादा मधुमेही वृद्ध उलट्या होऊन, धापा टाकीत गेला, तर ‘साखर वाढली’ किंवा ‘हृदय बंद पडलें’ एवढ्यावरच निदान थांबण्याचा संभव अधिक. ज्या मरणाची नोंदच होत नाहीं, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? फेनफॉर्मिनच्या इतिहासांतील खरा बोध हाच आहे. औषध तपासण्याचें काम प्रयोगशाळेंत संपत नाहीं. तें शेवटच्या रोग्याच्या खाटेपर्यंत चालावें लागतें आणि तेथील नोंद मागें राजधानीपर्यंत यावी लागते.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या संदर्भांत हा बोध अधिक खोल जातो. 17 सप्टेंबर 1948 रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें. 1 मे 1999 रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि खुद्द परभणीस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2023 सालीं मिळालें. रोग मात्र महाविद्यालयाची वाट पाहत थांबला नाहीं. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतांत सुमारें 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. त्यांतील असंख्य लोक मेटफॉर्मिनच घेतात. तें स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आहे आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतूनहि मिळतें. उन्हाच्या प्रदेशांत सुईवांचून चालणारी गोळी मिळावी, ही एके काळची निकड या औषधानें भागविली आहे, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे.

परंतु तेंच ऊन या औषधाच्या आड येऊं शकतें. चैत्र-वैशाखांत जिंतूर, सेलू, पाथरी किंवा गंगाखेड या तालुक्यांत दुपारीं शेतांत राबणाऱ्या माणसाच्या अंगांतील पाणी घामावाटे झपाट्यानें जातें. त्यांतच हगवण किंवा उलट्या लागल्या, तर रक्ताचें पाणी आटतें आणि मूत्रपिंडांकडे जाणारा ओघ कमी होतो. मूत्र कमी झालें म्हणजे मेटफॉर्मिन बाहेर पडण्याचा मार्गच अरुंद होतो. रोगी मात्र ‘साखरेची गोळी चुकवूं नये’ हें पाठ केलेलें वचन पाळीत असतो. अंगदुखीवर दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तो त्यांत भर घालतो आणि त्यांतील पुष्कळशा मूत्रपिंडांस आणखी ताण देतात. मद्यपान असेल तर यकृतहि दुबळें होतें. अशा वेळीं निर्दोष गोळी दोषी ठरते. मळमळ व पोटदुखी हीं लक्षणें मेटफॉर्मिनच्या साध्या त्रासांतहि आढळतात. म्हणून आरंभींचा इशारा ओळखूं येत नाहीं आणि दोन दिवस घरींच निघून जातात.

यावरील खबरदारी कठीण नाहीं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यानें वर्षांतून निदान एकदां मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी; वय झालेलें असेल किंवा मूत्रपिंडांचा विकार असेल तर अधिक वेळां. पूर्वीं रक्तांतील क्रिएटिनिन या द्रव्याच्या नुसत्या आंकड्यावरून निर्णय घेत असत. 2016 सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ही रीत बदलून, मूत्रपिंडें दर मिनिटास किती रक्त गाळतात त्या वेगावर भर दिला. हा वेग 30 मिलिलिटरच्या खालीं गेला तर मेटफॉर्मिन देऊं नये, आणि 30 ते 45 च्या दरम्यान असेल तर तें नव्यानें सुरू करूं नये, असा आतां दंडक आहे. उलट्या, हगवण, फार ताप किंवा अन्नपाणी न ठरणें अशा दिवसांत डॉक्टरांना विचारून गोळी तात्पुरती थांबवावी आणि खाणेंपिणें पूर्ववत् झाल्यावर त्यांच्याच सल्ल्यानें पुन्हां सुरू करावी. शस्त्रक्रियेपूर्वीं, किंवा शिरेंतून रंगद्रव्य देऊन काढावयाच्या छायाचित्रापूर्वीं, ही गोळी चालू असल्याचें आवर्जून सांगावें. श्वास खोल व जलद चालूं लागला आणि ग्लानि आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें. डायलिसिसच्या यंत्रानें रक्तांतील औषध व आम्ल दोन्हीं काढून टाकतां येतात. जिल्हा रुग्णालयांत ही सोय करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2016 सालीं जाहीर झाला आहे. जेथें पूर्वीं मृत्यु ठरलेला वाटे, तेथें आतां वेळेवर पोंचलेले पुष्कळ रोगी वांचतात.

याच्या उलट चूकहि तितकीच घातक आहे. आम्लाचें नांव ऐकून घाबरावें आणि गोळी स्वतःच्या मनानें कायमची सोडावी, असा अर्थ या इतिहासांतून कोणी काढूं नये. मेटफॉर्मिनमुळें आम्लविकार होणारे रोगी लाखांत मोजकेच. औषध सोडून साखर मोकाट सुटल्यानें डोळे, पाय आणि खुद्द मूत्रपिंडें गमावणारे त्याहून कितीतरी अधिक. फेनफॉर्मिन गेलें तें योग्यच झालें आणि मेटफॉर्मिन राहिलें तेंहि योग्यच झालें. दोन्हीं निर्णय मोजणीनें झाले, भीतीनें नव्हे. घरांतील वडीलधाऱ्यांच्या औषधाच्या डबींत आज जी पांढरी गोळी आहे, तिच्यामागें डब्लिनची प्रयोगशाळा, पॅरिसच्या डॉक्टरचें वाचन आणि नांवनिशाणी न राहिलेल्या अनेक रोग्यांचें मरण आहे. ती गोळी रोज देणाऱ्या हातानें उलटी-हगवणीच्या दिवशीं क्षणभर थांबून डॉक्टरांस विचारावें, एवढेंच त्या मरणांचें मागणें आहे.